प्रदेशच अज्ञात असेल तर गणित सुरू कुठून करायचं?

एम.एस्सी. झालेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. स्थिर प्रदेशातली नेव्हिए-स्टोक्स समीकरणं, म्हणजे श्यान द्रवाच्या गतीची समीकरणं, तिने वाचली आहेत: लेरे यांच्या दुर्बल उकली (ज्या समीकरण बिंदूगणिक नव्हे, समाकलनाच्या अर्थाने पाळतात), गालेर्किन पद्धत (सांत मितीतल्या आसन्न उकलींवरून खऱ्या उकलीकडे जाणं), एनर्जी एस्टिमेट (ऊर्जेच्या हिशेबातून उकलीला घातलेली मर्यादा). पीएच.डी.साठी तिला मुक्त सीमेचा, म्हणजे द्रवाच्या हवेला लागलेल्या आणि स्वतःच हलणाऱ्या पृष्ठभागाचा, विषय सुचवला गेला आहे, आणि ती विचारते: "ज्या प्रदेशात समीकरण सोडवायचं तो प्रदेशच माहीत नाही, तर उकल असते हे सिद्ध कसं करतात? हा जुन्या सिद्धान्ताचाच पुढचा भाग आहे की वेगळं काही? आणि पृष्ठताण धरला की प्रश्न सोपा होतो की अवघड?"

तीन प्रश्न वेगळे दिसतात, पण पंचवीसेक वर्षं या विषयात काढल्यावर मला ते एकच वाटतात. मुक्त सीमा हे वेग आणि दाब यांच्या बरोबरीचं तिसरं अज्ञात आहे. त्या अज्ञाताला किती नितळपणा मिळतो, म्हणजे त्याचं किती वेळा अवकलन करता येतं, यावर बाकीचं सगळं ठरतं. पृष्ठताणाने नेमका हाच हिशेब बदलतो, म्हणून तुमचा तिसरा प्रश्न कळीचा आहे. तिथपर्यंत जरा सावकाश जाऊ.

आधी स्टीलच्या परातीत शंभर मिलिलिटर घट्ट काकवी ओता. तिची श्यानता पाण्याच्या दहा हजार पट धरू. ओतल्याबरोबर ती भराभर पसरते, मग मंदावते, आणि थोड्या वेळाने कितीही टक लावून पाहिलं तरी हलताना दिसत नाही. या मंदावण्याचं गणित हर्बर्ट हपर्ट यांनी १९८२ साली मांडलं. थर पातळ आहे, तळाशी द्रव चिकटलेला आहे आणि दाब फक्त वरच्या द्रवाच्या वजनाचा आहे, एवढं धरलं की थराच्या जाडीसाठी एकच समीकरण उरतं. त्यातून निघतं की पसरलेल्या गोलाची त्रिज्या काळाच्या १/८ घाताने वाढते. एक अष्टमांश! म्हणजे त्रिज्या दुप्पट व्हायला वेळ २५६ पट लागतो. वरचे आकडे घालून पाहिलं तर पहिल्या सेकंदाला त्रिज्या सुमारे ६ सेंटिमीटर, १२ सेंटिमीटर व्हायला सव्वाचार मिनिटं, आणि २४ व्हायला अठरा तास. हा शेवटचा आकडा मात्र परातीत बघायला मिळत नाही. १२ सेंटिमीटरला थराची सरासरी जाडी दोन मिलिमीटरवर आलेली असते, आणि अशा द्रवात साधारण दोन-सव्वादोन मिलिमीटरला पृष्ठताण वजनाच्या तोडीस तोड होतो. तिथून पुढे हपर्ट यांचं समीकरण अपुरं पडतं.

हे उदाहरण मी मुद्दाम पहिलं घेतलं. पातळ थर धरल्यामुळे वेग बाजूला निघाला, एकटी जाडी उरली, आणि मुक्त सीमा जवळजवळ आपोआप सुटली. जाडीचं ते समीकरण सच्छिद्र माध्यमातल्या प्रवाहाच्या समीकरणाच्या घराण्यातलं आहे आणि त्याच्या स्वसदृश उकली (काळाबरोबर फक्त माप बदलतं, आकार तोच राहतो अशा) बारेनब्लाट यांनी १९५२ सालीच दिल्या होत्या. पण ओतताना काकवीची धार वर्तुळात गुंडाळत खाली पडते तो क्षण घ्या. तिथे थर पातळ नाही, उंची हे जागेचं फलन नाही, आणि वेग बाजूला काढता येत नाही. तुम्हाला सुचवलेला विषय हा आहे.

पूर्ण प्रश्नात आतमध्ये नेव्हिए-स्टोक्स समीकरणं असतात आणि पृष्ठभागावर दोन प्रकारच्या अटी. पहिली गतीची: पृष्ठभाग त्याच्या लंबदिशेने ज्या वेगाने सरकतो तो द्रवाच्या वेगाचा लंब घटक असला पाहिजे. म्हणजे पृष्ठभागावरचा कण पृष्ठभागावरच राहतो. दुसरी बलाची: द्रवाचं पृष्ठभागावरचं प्रतिबल, म्हणजे एकक क्षेत्रफळावरचं बल, बाहेरच्या हवेचा दाब आणि पृष्ठताण गुणिले वक्रता यांच्याशी जुळलं पाहिजे. इथे नवे विद्यार्थी हमखास अडखळतात. ते "दाब शून्य" एवढंच लिहितात. ती अट आदर्श द्रवाची झाली. श्यान द्रवात प्रतिबल हा पूर्ण प्रदिश आहे. लंब घटकाबरोबर दोन्ही स्पर्शी घटकही जुळावे लागतात, आणि वर नुसती हवा असेल तर ते शून्य असतात. मोजून पाहा: घन भिंतीवर वेगाच्या तीन अटी असतात, इथे प्रतिबलाच्या तीन आहेत, आणि गतीची चौथी अट जादा आहे. ही चौथी अट त्या जादा अज्ञातासाठी, म्हणजे स्वतः पृष्ठभागासाठी, आहे. हिशेब बरोबर बसतो.

आता तुमची ओळखीची एनर्जी काढा. वेगाने गुणून समाकलन केलं की गतिज ऊर्जा, गुरुत्वाची स्थितिज ऊर्जा आणि पृष्ठताण गुणिले पृष्ठभागाचं क्षेत्रफळ यांची बेरीज घटत जाते. जेवढी घटते तेवढी विरूपणाच्या दरातून उष्णतेत जाते. समीकरण देखणं आहे आणि इथपर्यंत स्थिर प्रदेशासारखंच आहे. लेरे यांनी १९३४ साली आणि होप्फ यांनी १९५१ साली अशाच असमतेवरून सार्वकालिक, म्हणजे कितीही काळ टिकणाऱ्या, दुर्बल उकली मिळवल्या. मग इथे तेच का करत नाही?

कारण ही असमता पृष्ठभागाबद्दल फारच थोडं सांगते. क्षेत्रफळ सांत आहे, बस. सांत क्षेत्रफळाच्या पृष्ठभागाला केसासारखे असंख्य काटे असू शकतात, त्याच्या घड्या एकमेकींना चिकटू शकतात. गालेर्किनच्या आसन्न उकलींचे पृष्ठभाग एका मर्यादेकडे गेले तरी त्यांची वक्रता त्या मर्यादेच्या वक्रतेकडे जाईलच असं नाही, आणि बलाच्या अटीत तर वक्रताच आहे. हेल्मुट आबेल्स यांनी २००७ साली दोन द्रवांच्या प्रश्नासाठी सार्वकालिक सामान्यीकृत उकली दिल्या, पण त्यासाठी पृष्ठभागाच्या जागी व्हॅरिफोल्ड ही सैल वस्तू (नितळ नसलेल्या पृष्ठभागांनाही सामावणारी सामान्यीकृत कल्पना) घ्यावी लागली. म्हणून या क्षेत्रातलं बहुतेक काम सबळ उकलींवर आहे: सुरुवातीला पुरेसा नितळपणा मागायचा आणि तो टिकवायचा.

एनर्जीत आणखी एक खाच आहे. ती पुस्तकात एका ओळीत उरकलेली असते, म्हणून इथे थांबते. ऊर्जेचा क्षय वेगाच्या ग्रेडियंटच्या फक्त सममित भागातून होतो. पूर्ण ग्रेडियंट त्याने काबूत येतो का? कोर्न यांची असमता सांगते की येतो, पण दृढ हालचाल, म्हणजे आकार न बदलता सरकणं किंवा फिरणं, वगळून. काकवीच्या थराला खाली तळ आहे, तिथे वेग शून्य, म्हणून दृढ हालचाल शक्यच नाही आणि काही अडचण येत नाही. आता परात काढून घ्या, गुरुत्वही काढून टाका, आणि अधांतरी तरंगणारा थेंब घ्या. तो अख्खा सरळ जाऊ शकतो, स्वतःभोवती फिरू शकतो, आणि त्या फिरण्यात श्यानता एक कणही ऊर्जा खात नाही. थेंबाचा कोनीय संवेग अक्षय्य आहे, म्हणून तो शेवटी गोल होऊन थांबेल अशी अपेक्षा करायची नाही. फिरत असेल तर विषुववृत्ताशी किंचित फुगलेल्या, फिरत्या समतोलाकडे जाईल. थेंबाचा सिद्धान्त उभा करणारे लेनिनग्राडचे व्ही. ए. सोलोनिकोव्ह यांना हे संवेग प्रत्येक पायरीवर वेगळे काढून ठेवावे लागले. तुम्ही थेंब निवडलात तर तुम्हालाही लागतील.

आता तुमचा पहिला प्रश्न: प्रदेश माहीत नसताना सिद्ध कसं करायचं. तत्त्व सोपं आहे. चल बदलून अज्ञात प्रदेशाचा ज्ञात प्रदेश करायचा, आणि प्रदेशाचं अज्ञान समीकरणाच्या सहगुणकांत ढकलायचं. हे करायच्या दोन वाटा आहेत.

एक वाट लाग्रांज यांची. प्रत्येक कणाला त्याच्या सुरुवातीच्या जागेचं नाव द्या आणि त्याच्यामागे जा. कण पृष्ठभागावरच राहतात, म्हणून गतीची अट आपोआप पाळली जाते आणि समीकरणांतून नाहीशी होते. सोलोनिकोव्ह यांचा १९७७ सालचा स्थानिक अस्तित्वाचा सिद्धान्त आणि जे. थॉमस बील यांचा १९८१ सालचा, समुद्रासारख्या अमर्याद पसरलेल्या थराचा सिद्धान्त, दोन्ही याच वाटेने गेले. थोड्या काळासाठी ही वाट उत्तम. पण काळ लांबला की कण भरकटतात. पृष्ठभाग जवळजवळ सपाट झाला तरी आतले कण वाटेल तिथे पोचलेले असतात आणि सहगुणक कधीच शांत होत नाहीत.

म्हणून दुसरी वाट: पृष्ठभागाची उंची हेच अज्ञात ठेवायचं आणि प्रदेश उभ्या दिशेने ताणून सपाट करायचा. बील यांनी १९८४ साली सार्वकालिक उकलीसाठी हेच केलं. वक्र पृष्ठभागांसाठीची याची बहीण हानझावा यांनी १९८१ साली बर्फ वितळण्याच्या, म्हणजे स्टेफान यांच्या, प्रश्नात वापरली होती, आणि आज थेंबांसाठी ती सर्रास वापरतात.

या दुसऱ्या वाटेवर मी स्वतः जिथे पडले ते सांगते, कारण तुम्हीही तिथूनच जाणार आहात. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी प्रदेश सपाट केला आणि वेगाचे घटक जसेच्या तसे नव्या चलांत लिहिले. साहजिक वाटलं. पण द्रव दाबला जात नाही म्हणून जे शून्य असायला हवं ते वेगाचं अपसरण नव्या चलांत शून्य राहिलं नाही. उजव्या बाजूला एक पद आलं. ते लहान आहे म्हणून मी पुढे गेले. तीन महिन्यांनी लक्षात आलं की दाबाचं एस्टिमेट करताना त्या पदाचा काळाबाबतचा अवकलज लागतो, आणि त्यात उंचीचे नेमके तेवढे अवकलज येतात जेवढे माझ्याकडे नव्हते. सत्तरेक पानं टाकून द्यावी लागली. उपाय बील यांच्या १९८४च्या लेखातच होता: वेगाला रूपांतरणाच्या मॅट्रिक्सनेच गुणायचं, म्हणजे अपसरण शून्यच राहतं. याला पिओला रूपांतर म्हणतात. पहिल्याच दिवशी हे करा.

आणि प्रदेश ताणताना उंची आतमध्ये कशी पसरवायची, तेही जपून ठरवा. उंचीला सरळ रेषेत तळापर्यंत कमी करत नेलं तर आत तेवढाच नितळपणा मिळतो जेवढा काठावर आहे. उंची लाप्लास समीकरणाने आत पसरवली, म्हणजे हार्मोनिक विस्तार घेतला, तर आत अर्धा अवकलज जास्त मिळतो. अर्धा अवकलज म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पुढचा हिशेब पाहा.

समजा आतमध्ये वेगाला स इतके अवकलज आहेत. काठावर उतरताना अर्धा गळतो, राहिले स−१/२. प्रतिबलात वेगाचं एकदा अवकलन आहे, म्हणून काठावरच्या प्रतिबलाला स−३/२. आता पृष्ठताण असेल तर हे प्रतिबल वक्रतेच्या बरोबरीचं आहे, आणि वक्रता म्हणजे उंचीचं दोनदा अवकलन. उलट मोजलं की उंचीला स+१/२ मिळतात. काठावरच्या वेगापेक्षा पूर्ण एक जास्त! पृष्ठताण नसेल तर बलाच्या अटीत उंची फक्त वजनाच्या रूपात, अवकलनाशिवाय येते. तेव्हा क्षयातून उंचीला केवळ स−३/२ मिळतात. गतीच्या अटीतून स−१/२ ठेवता येतात खरे, पण तिथे क्षय नाही, नुसती काळाबरोबर बेरीज होत जाते. आणि सपाट केलेल्या समीकरणाच्या सहगुणकांना लागतात, हार्मोनिक विस्तार घेऊनसुद्धा, नेमके स−१/२. विस्तार साधा घेतला असता तर अर्धा कमी पडला असता आणि सगळा सिद्धान्त तिथेच थांबला असता.

हे नुसतं मोजमाप वाटू नये म्हणून त्याचा प्रत्यक्ष अर्थ दाखवते. आठ मिलिमीटर जाड काकवीच्या थरावर बारीक लहर आहे असं समजा. जडत्व नगण्य धरून स्टोक्स समीकरण सोडवलं तर लहर कोणत्या दराने विरते ते कागदाच्या एका पानात निघतं:

दर = (घग + तक²) ÷ (२शक)

घ घनता, ग गुरुत्व त्वरण, त पृष्ठताण, श श्यानता, आणि क तरंगसंख्या, म्हणजे २π भागिले तरंगलांबी. लहर जितकी बारीक तितका क मोठा. सूत्रात त शून्य टाका. दर घग भागिले २शक झाला, म्हणजे लहर जितकी बारीक तितकी ती सावकाश विरते! श्यानता बारीक गोष्टी आधी पुसून टाकते, असं आपण स्थिर प्रदेशात शिकलेलो असतो. वेगाबाबत ते इथेही खरं आहे. पण पृष्ठभागाबाबत, पृष्ठताण नसेल तर, नेमकं उलट होतं: बारीक सुरकुती तिच्या जवळच्या द्रवालाच हलवू शकते, वजन थोडं आणि श्यानतेची पकड घट्ट. आता आकडे. घनता घनमीटरला १४०० किलोग्रॅम आणि पृष्ठताण मीटरला ०.०७ न्यूटन धरला, तर एक मिलिमीटर तरंगलांबीची लहर केवळ गुरुत्वाने विरायला सुमारे नऊ सेकंद घेईल. पृष्ठताण धरला की तीच लहर सेकंदाच्या विसाव्या हिश्श्यापेक्षाही कमी वेळात विरते. एक सेंटिमीटरच्या लहरीसाठी हेच आकडे पाऊण-एक सेकंद आणि सुमारे ०.३ सेकंद आहेत. तिथे फरक तिपटीचा, मिलिमीटरला दोनशे पटीचा. पळीच्या टोकाने काकवीवर बारीक ओरखडा काढून पाहा. तो डोळ्यादेखत मिटतो, आणि मिटवणारा पृष्ठताण असतो.

वरच्या हिशेबातला "एक अवकलज कमी" आणि सूत्रातला १/क या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. दराला क ने भागणं म्हणजे एक अवकलज गमावणं. ताण असताना दर क च्या प्रमाणात वाढतो, म्हणजे एक अवकलज कमावणं. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच दुपेडी आहे. पृष्ठताण समीकरण लिहायला अवघड करतो, कारण अरेषीय वक्रता आणतो. पण सिद्धान्त तो सोपा करतो.

इतिहासही तसाच घडला. पृष्ठताणासह थराची सार्वकालिक उकल, सुरुवातीची गडबड (शांत, सपाट थरापासूनचा फरक) लहान असेल तर, बील यांनी १९८४ साली दिली. १९८५ साली त्यांनी निशिदा यांच्याबरोबर ती किती वेगाने शांत होते हेही दाखवलं: अमर्याद थरात घातांकी नव्हे, तर काळाच्या घाताने. कारण लांबच लांब लहरींचा दर क² सारखा शून्याकडे जातो आणि कितीही लांब लहरी तिथे मावतात. पृष्ठताणाशिवायचा प्रश्न जास्त झुलवत राहिला. सिल्व्हेस्टर यांनी १९९० साली उकल दिली, पण क्षय आणि नितळपणा एकत्र सांभाळणारी चौकट यान ग्वो आणि इयन टाइस यांच्या २०१३च्या लेखांत आली. त्यांची युक्ती मला फार आवडते. त्यांनी दोन मजली एनर्जी घेतली. वरच्या मजल्यावर पुष्कळ अवकलज, पण ती घटण्याची अपेक्षा नाही, फक्त मर्यादेत राहावी. तिथल्या उंचीला तर हळूहळू वाढायची मुभा. खालच्या मजल्यावर थोडे अवकलज, पण ती झपाट्याने घटते. खालचा क्षय वरच्या वाढीला आवरतो, वरची मर्यादा खालच्या क्षयाला बळ देते. आडव्या दिशेने आवर्ती, म्हणजे ठरावीक अंतराने तसाच पुन्हा येणाऱ्या, थरात यातून घातांकीच्या जवळ जाणारा क्षय मिळतो: काळाच्या हव्या त्या घाताने, मात्र तेवढा नितळपणा सुरुवातीला दिला पाहिजे. १/क ची किंमत इथे चुकती होते.

स्थानिक अस्तित्वाबद्दल फार लिहीत नाही, त्याचा साचा तुम्हाला लेख वाचताना कळेल: रेषीय प्रश्न, त्याची कमाल नितळता (उकलीला शक्य तेवढे सगळे अवकलज मिळणं), मग थोड्या काळासाठी आकुंचन (अंतरं कमी करणाऱ्या चित्रणाच्या स्थिर बिंदूतून उकल मिळवणं). एकच सांगते. सुसंगतीची अट विसरू नका. सुरुवातीच्या वेगाचं स्पर्शी प्रतिबल सुरुवातीच्या पृष्ठभागावर शून्य असलंच पाहिजे. नाहीतर पहिल्याच क्षणी नितळपणा जातो. मी तपासलेल्या हस्तलिखितांत ही अट राहून गेल्याचं अनेकदा पाहिलं आहे.

गडबड मोठी असेल तर काय? इथे स्थिर प्रदेशात नसलेली एक घटना आहे. समुद्राची लाट कोसळताना तिचा पुढचा काठ खालच्या पाण्याला टेकतो. टेकण्याच्या क्षणापर्यंत वेग नितळ, दाब नितळ, पृष्ठभागाची वक्रताही सांत; फक्त पृष्ठभाग स्वतःला एका बिंदूत शिवतो आणि "आत" व "बाहेर" यांचा अर्थ बिघडतो. याला स्प्लॅश म्हणतात. कास्त्रो, कोर्दोबा, फेफरमन, गान्सेदो आणि गोमेझ-सेरानो यांनी २०१३ साली आदर्श द्रवासाठी ते सिद्ध केलं आणि पुढे श्यान द्रवासाठीही. कुटां आणि श्कोलर यांनीही दोन्ही प्रश्न सोडवले आहेत. आदर्श द्रवात काळ उलटा फिरवता येतो, म्हणून टेकलेल्या स्थितीपासून मागे जाता येतं. श्यान द्रवात ती सोय नाही. म्हणून द्विमितीय प्रश्नात प्रदेश अनुकोण, म्हणजे कोन जपणाऱ्या, चित्रणाने उलगडतात. टेकलेले दोन बिंदू उलगडलेल्या चित्रात दूर जातात, तिथे टेकलेल्या आकारापासून पुढे समीकरण सोडवता येतं, आणि वेग असा निवडतात की मूळ चित्रात पृष्ठभाग एकमेकांत घुसलाच पाहिजे. मग सुरुवात किंचित सोडवलेल्या, न टेकलेल्या पृष्ठभागापासून केली तरी स्थिरतेमुळे तो मध्ये कधीतरी टेकतोच. याचा क्ले संस्थेच्या नेव्हिए-स्टोक्सवरच्या दहा लाख डॉलरच्या प्रश्नाशी घोळ करू नका. तिथे वेग स्वतः फुटतो का हे विचारलेलं आहे. इथे फुटते ती भूमिती.

श्यानता शून्याकडे नेली तर काय होतं, हा एक जवळचा विषय आहे. भिंतीजवळ प्रांटल यांचा सीमास्तर, म्हणजे भिंतीलगतचा पातळ थर, असतो आणि त्यात वेग एकदम बदलतो, म्हणून तो प्रश्न जाम अवघड आहे. मुक्त पृष्ठभागाजवळ अट वेगावर नसून त्याच्या अवकलजावर असते. त्यामुळे वेग जवळपास तसाच राहतो, बदलतो तो त्याचा ग्रेडियंट. मसमौदी आणि रूसे यांनी २०१७ साली याच सौम्यतेचा फायदा घेऊन मर्यादा सिद्ध केली.

एका ठिकाणी मात्र तुम्ही सुरुवातीला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं: काकवी, स्टील आणि हवा जिथे एकत्र भेटतात ती कडा. हू आणि स्क्रिव्हन यांनी १९७१ साली दाखवलं की तळाला द्रव पूर्ण चिकटतो असं धरून कडा पुढे सरकवली तर कडेजवळ प्रतिबल अंतराच्या व्यस्त प्रमाणात वाढतं, आणि त्याचं समाकलन, म्हणजे कडा हलवायला लागणारं बल, अनंत निघतं. काकवी तर रोज पसरते. म्हणजे कडेजवळ चिकटण्याची अट चुकते. नेव्हिए यांनीच एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुचवलेली घसरण्याची अट घातली की अनंत जातं, पण प्रदेशाला कोपरा येतो आणि कोपऱ्यात वरचा सगळा अवकलजांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. ग्वो आणि टाइस यांचा २०१८चा लेखसुद्धा द्विमितीय स्टोक्स प्रवाहापुरता आहे, यावरून अंदाज घ्या. मग हपर्ट यांच्या गणितात कडा बिनधास्त कशी सरकली? तिथे पृष्ठताण नव्हता आणि कडेशी थराचा उतार उभा होतो. जाडी कडेपासूनच्या अंतराच्या १/३ घाताने वाढते. म्हणजे पातळ थराचं गृहीतक नेमकं कडेशीच मोडतं. पसरण्याचा दर मात्र वजन आणि श्यानता आतमध्ये ठरवतात, म्हणून तो बरोबर येतो.

तर विषय निवडाल तो असा: आडव्या दिशेने आवर्ती थर, खाली तळ, वर मुक्त पृष्ठभाग, पृष्ठताण धरलेला. बाजूच्या भिंती नाहीत, म्हणून कडा नाही. तळ आहे, म्हणून कोर्न यांची असमता बिनशर्त लागू. पहिले दोन महिने वेळेवर अवलंबून नसलेलं स्टोक्स समीकरण घ्या, एका बाजूला प्रतिबलाची अट, दुसऱ्या बाजूला चिकटण्याची, आणि त्याची नितळता स्वतः सिद्ध करा. मग बील १९८१, मग बील १९८४, मग ग्वो-टाइस. या क्रमाने वाचलंत तर प्रत्येक लेख आधीच्यात काय कमी पडलं ते सांगतो.

आणि लेख उघडायच्या आधी एक संध्याकाळ काढून वरचं दराचं सूत्र हाताने काढा. खोल थर, द्विमिती, उंची ही एकच कोज्या लहर. प्रवाहफलनाला खाली जाताना घातांकी विरणाऱ्या दोन उकली मिळतील, त्यांतला एक सहगुणक स्पर्शी प्रतिबल शून्य ठेवून जाईल, दुसरा लंब प्रतिबलातून ठरेल, आणि गतीच्या अटीत घातलं की छेदात २शक दिसेल. मग तळ मर्यादित खोलीवर ठेवून तेच पुन्हा करा. लांब लहरींसाठी जाडीचा घन गुणिले क² आला, तर हपर्ट यांचं समीकरण तुमच्या हातात आलं आहे.